वाऱ्याची उमेदवारी



वाऱ्यावर वीज करणाऱ्या चक्क्यांचे आपण कौतुक करतो. त्या सांभाळणारा माणूस कोठे तयार होतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. डेन्मार्कमध्ये ते फार लवकर विचारले गेले. आस्कोव्ह येथील लोकविद्यालयातले शिक्षक पॉल ला कूर यांनी १८९१ साली प्रयोगाची पवनचक्की उभारली. पण नुसत्या चक्कीने खेड्यात दिवा लागत नाही, हे ओळखून त्यांनी खेड्यांतील तरुणांसाठी वीजकामाचे वर्गही चालविले. १९०४ साली त्या वर्गात योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा बसला होता. त्याच यूलने १९५७ साली गेडसर येथे २०० किलोवॅटची, तीन पात्यांची चक्की उभी केली. त्रेपन्न वर्षे! आपल्या अंदाजपत्रकांना एवढा दम कोठला?

आपला शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्याही उभ्या आहेत. मनोऱ्यावर चढण्यापूर्वी सुरक्षापट्टा तपासणे, यंत्राला हात लावण्याआधी वीज तोडून तेथे कुलूप घालणे, बोल्ट नेमक्या ताणानेच आवळणे, या सवयी फळ्यावर शिकवून लागत नाहीत. जाणत्या कारागिराच्या शेजारी महिनोन्महिने उभे राहावे लागते. सवय चुकली तर जिवाशी गाठ आहे. म्हणून माझे मागणे एवढेच, की पठाराखालच्या गावांतील मुलांना आधी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवावे, आणि पुढची उमेदवारी त्यांच्याच डोंगरावर, विद्यावेतन देऊन, करू द्यावी.