दुकानाचा प्लॉट घेण्याआधी
(गेल्या गणेशोत्सवात मंडळात झालेले भाषण)



मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, राज्य शासनाचा साधा कर्मचारी. वकील नाही. पण नकाशे रोज हाताखालून जातात. 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, आणि आता लग्नाच्या पंगतीतसुद्धा रोडटच प्लॉटच्याच गप्पा असतात. म्हणून आज हा विषय.

माझ्या मामांनी निवृत्तीच्या पैशातून मुलासाठी वीस बाय चाळीसचा दुकानाचा प्लॉट घेतला. रजिस्ट्री झाली, नामांतरण झालं, पेढे वाटले. बांधकामाची परवानगी मागायला गेले तेव्हा कळलं, त्या शेताचा ले-आउट मंजूरच नव्हता. विकणाऱ्याने डायव्हर्जनचा कागद दाखवला होता. मामांना तीच मंजुरी वाटली. बँकेनेही कर्ज नाकारलं. यंदा तिथे तूर उभी आहे.

घोळ होतो तो इथेच. भू-राजस्व संहिता 1959 ची. तिच्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर मालक स्वतःच आकारणी काढतो, पैसे भरतो आणि एसडीएम साहेबांना सूचना देतो. म्हणजे डायव्हर्जन हा पैसे भरल्याचा पुरावा. तुकडे कसे पाडायचे हे मात्र 1973 चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आणि 2012 चे भूमी विकास नियम ठरवतात. त्यावर कॉलोनाइजरची नोंदणी आणि विकासाची परवानगी वेगळीच. नागपूरच्या सोयऱ्यांना यात विचारू नका. त्यांचं सातबारा आणि एन.ए., आपलं खसरा आणि बी-वन. 1956 ला आपण इकडे राहिलो, तेव्हापासून कागदही इकडचेच.

लोक म्हणतात, रस्त्याला एवढी जागा कशाला सोडायची? चाळीस फुटी कंटेनर डोळ्यांपुढे आणा. मुंडक्यासकट तो पन्नास फुटांहून लांब होतो. वीस फुटांच्या गल्लीत तो वळणारच नाही. मग संत्र्याच्या पेट्या हायवेवर उभं राहून भराव्या लागतील. आणि आग लागली तर दमकल कुठून येणार? घरांच्या ले-आउटमध्ये अरुंद रस्ता म्हणजे गैरसोय, पण गोदामांच्या ले-आउटमध्ये धंदाच बसतो. मोकळी जागा, नाली, ट्रक उभे करायची सोय, हे सगळं कागदावर आधी लागतं ते यासाठी.

बोरगावसारख्या औद्योगिक क्षेत्राची गोष्ट निराळी. तिथे प्लॉट लीजवर मिळतो. लीजचा अर्धा भाग मेहुण्याला परस्पर देता येत नाही, हे आधीच समजून घ्या.

तेव्हा बयाणा देण्याआधी मंजूर ले-आउटची प्रत मागा, आणि तुमचा प्लॉट नंबर त्यात आहे का ते बोट ठेवून पाहा. काही प्लॉट विकास पूर्ण होईपर्यंत नगरपालिकेकडे गहाण असतात. आपला त्यात नाही ना, तेही विचारा. विकणारा चिडला तर चिडू द्या. माझे मामा संकोचले होते, ओळखीचा माणूस म्हणून.

कुणाजवळ कागद असतील तर आरती झाल्यावर घेऊन या. प्रसादाच्या टेबलापाशी मी थांबतो. चष्मा आणलाय.