दारातील रुई



फुलपाखरे यावीत म्हणून अंगणात फुलझाडे लावणारी मंडळी आपल्या इंदुरात पुष्कळ आहेत. झेंडू, सदाफुली, घाणेरी यांच्यावर फुलपाखरे येतातही. परंतु ती येतात ती पाहुण्यासारखी. मध घेतात आणि निघून जातात. त्यांचे घर तेथे नसते. फुलपाखराला मध कोणत्याही फुलातला चालतो, पण त्याच्या अळीला पान मात्र ठरावीक वनस्पतीचेच लागते. ते पान ज्या बागेत नाही, त्या बागेत फुलपाखरू अंडे घालीत नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या काळ्या काठाचे, तांबूस केशरी रंगाचे एक फुलपाखरू आपण सर्वांनी पाहिलेले आहे. इंग्रजीत त्याला ‘प्लेन टायगर’ म्हणतात. त्याच्या अळीचे मुख्य अन्न म्हणजे आपली रुई, माळव्यातील लोक जिला आकडा म्हणतात ती.

या वनस्पतीशी आपला व्यवहार मोठा चमत्कारिक आहे. शनिवारी मारुतीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ हवी, रथसप्तमीच्या स्नानाला सात अर्कपर्णे हवीत, पांढऱ्या रुईच्या मुळीचा गणपती तर दाम मोजून घरी आणावयाचा. पूर्वी तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या गृहस्थाचे लग्न आधी या रुईशीच लावीत, म्हणजे अशुभ मानलेली तिसरेपणाची बाधा झाडावर जाई आणि वधू चौथी ठरे! झाडाने याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. इतके सारे असूनही रुई दारात उगवली की ती उपटावयाची. ती ओसाडीचे लक्षण, पडक्या वाड्यात उगवणारी, असा समज. देवाला चालते ती अंगणाला चालत नाही.

आजवर याने फारसे बिघडत नव्हते, कारण अंगणाबाहेर रुईला जागा होती. मोकळे भूखंड, रेल्वेमार्गाच्या कडा, नाल्यांचे काठ, शेतांचे बांध ही तिची खरी वस्ती. आता शहर पसरले आहे आणि मोकळ्या भूखंडांवर घरे उभी राहिली आहेत. शिवाय स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूर 2017 पासून सलग अनेक वर्षे पहिले आले. त्याचा अभिमान प्रत्येक इंदूरकराला आहे, मलाही आहे. परंतु झाडझूड करताना रुई ही केरात जमा होते, हेही खरे.

अमेरिकेत हे घडून गेले आहे. तेथील ‘मोनार्क’ हे आपल्या फुलपाखराचेच भाऊबंद. ते हिवाळ्यासाठी हजारो मैल उडत मेक्सिकोच्या डोंगरात जाते आणि त्याची ती वसतिस्थाने 1975 साली शास्त्रज्ञांना सापडली. त्याची अळी रुईच्याच कुळातील ‘मिल्कवीड’ या झुडपावर वाढते. मका व सोयाबीन यांच्या शेतांत तणनाशके फवारली जाऊ लागली, मिल्कवीड नाहीसे झाले आणि त्याबरोबर मोनार्कची संख्याही घटली. आता तेथील लोक परसात मिल्कवीड लावीत आहेत. माळवाही सोयाबीनचाच प्रदेश आहे, म्हणून हे सांगितले. मात्र मोनार्कसाठी आपण येथे काही लावण्याचे कारण नाही. ते आपल्याकडे येत नाही. आपले जे आहे त्याचीच काळजी पुरे.

आता लागवडीकडे वळू. कुंपणाजवळचा, दिवसभर उन्हाचा कोपरा निवडावा. या शहराचे नाव जगभर गेले ते कंपोस्टमुळे. 1924 साली येथे स्थापन झालेल्या वनस्पतिउद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी खताची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली आणि 1931 साली त्यावर ग्रंथ लिहिला. पण रुई अशी मानी आहे की तिला ना इंदुरी खत हवे, ना विलायती. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते, तेवढे मात्र तिला सोसत नाही. म्हणून खड्ड्यात मुरूम मिसळून जागा थोडी उंच करावी. रानातले मोठे झाड उपटून आणू नये, त्याचे सोटमूळ खोल असते आणि ते तुटले की झाड जगत नाही. पावसाच्या आरंभी बी पेरावे किंवा जून फांदीचे छाट लावावे. एकदा रुजल्यावर मे महिन्यातील चाळीस अंशांच्या उन्हातही ती हिरवीच असते.

जागा नसेल त्यांच्यासाठी हळदीकुंकू आहे. पाकळ्या कुंकवाच्या, वरचा मुकुट हळदीचा, असे हे नाजूक झुडूप मूळचे उष्ण अमेरिकेतले, पण रुईच्याच कुळातले. ते कुंडीत वाढते आणि त्याच वर्षी फुलते. कुंडी एक ठेवू नये, पाचसहा ठेवाव्यात, कारण दोनचार अळ्या एक झुडूप पाहता पाहता बोडके करतात. ते पुन्हा पालवते. मला विचाराल तर कोपऱ्यात एक रुई हवी आणि गच्चीत हळदीकुंकू.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. दोन्ही वनस्पतींचा चीक विषारी आहे. महाभारतातील उपमन्यूने भुकेपोटी अर्काची पाने खाल्ली, तो आंधळा झाला आणि विहिरीत पडला, ही कथा आपणांस ठाऊक आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर पुष्कळदा आरंभी दुखत नाही, नुसते धूसर दिसू लागते. म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो. तसे झाल्यास डोळा स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. छाटणी करताना हातमोजे घालावेत. घरात रांगते मूल असेल तर ही लागवड दोन वर्षे पुढे ढकलावी. फुलपाखरे तितकी थांबतील.

हेच विष अळीचे मात्र कवच आहे. पानाच्या खालच्या बाजूस मादी एकेक अंडे चिकटवते. त्यातून पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी निघते. ती खाण्यापूर्वी पानाची शीर कुरतडते, म्हणजे चिकाचा प्रवाह अडतो, आणि मग पुढचे पान खाते. खाल्लेले विष अंगी साठते. एकदा तोंड कडू झालेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेस जात नाही. ही पत पाहून आणखी एका फुलपाखराच्या मादीने हुबेहूब तोच वेष घेतला आहे. तिची अळी वाढते आपल्या घोळीच्या भाजीवर, अंगात विषाचा थेंब नाही. नावलौकिक दुसऱ्याचा, पोट आपले!

तेव्हा पाने कुरतडलेली दिसली की पंप घेऊन धावू नये. ज्यासाठी झाड लावले तेच घडत आहे. शेंड्यावर पिवळा मावा बसतो, तो पाण्याच्या धारेने धुवून काढावा. मात्र आधी पानांखाली अंडी आहेत का हे पाहावे. रोपवाटिकेतून रोप घेताना त्यावर कीटकनाशक मारले आहे काय, हे विचारून घ्यावे. काही औषधे पानांच्या रसात भिनून राहतात आणि अशा रोपावर अंडी पडली तरी अळ्या मरतात. छाटणीपूर्वी हिरवा किंवा गुलाबी कोश लटकला आहे का, हेही पाहावे. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, थंडीत काहीसा अधिक.

रुईच्या फुलावर मोठा काळा भुंगा येतो, त्याला हाकलू नये. तिचे पराग सुटे नसतात, लहान पोटल्यांत बांधलेले असतात; त्या तो पायांना अडकवून दुसऱ्या फुलावर नेतो, तेव्हाच बोंडे धरतात. बोंड फुटण्याच्या बेतात आले की त्याला दोरा गुंडाळून ठेवावा, नाहीतर एका दुपारच्या वाऱ्यात सगळ्या म्हाताऱ्या उडून जातात आणि पेरण्यास बी उरत नाही.