माळवद उतरवले, आता पत्रा थंड ठेवा



३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे माती चढवल्याने छतांचे वजन वाढले होते. म्हणून माळवद उतरवून पत्रे घालणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण मे महिन्यात त्याच पत्र्याखाली बाळंतीण आणि म्हातारी माणसे भाजून निघतात, त्याचे काय?

होळी झाली की सिमेंटच्या पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. चुना पावसात धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. लोखंडी पत्र्याला मात्र पत्र्यासाठीचा पांढरा रंगच लावा. तापलेली हवा वर चढते, तेव्हा आढ्याजवळ समोरासमोर दोन झरोके ठेवून जाळी बसवा. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधले तर झळ आणखी कमी लागते. चुलीवर मात्र तट्टा नको. दर्शनी भिंतीच्या टाइल्स पुढच्या वर्षी लावा, बिघडत नाही.

आणि सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो अचानक फुटतो. खालच्या वाशांवर टेकेल अशी लांब फळी टाकूनच वर चढा.