मुंबईंत राहण्याचा खर्च

मुंबईंत रुपयाची किंमत सर्वत्र सारखी नाहीं. मलबार टेकडीवरील घरांत महापालिकेच्या नळाचें हजार लिटर पाणी थोडक्या रुपयांना येतें. तितकेच रुपये, आणि टंचाईच्या दिवसांत त्याहून कितीतरी अधिक, गोवंडी-मानखुर्दच्या एखाद्या गल्लींत वीसपंचवीस लिटरांच्या एका कॅनसाठीं मोजावे लागतात. गरीब वस्तींत राहणें स्वस्त पडतें अशी सुखवस्तु लोकांची एक समजूत आहे. भाजीपाला, शिवणकाम, केशकर्तन यांपुरती ती खरी मानतां येईल. परंतु पाणी, कर्ज आणि डोक्यावरचें छप्पर या तीन जिन्नसांचा हिशेब मांडला कीं ती टिकत नाहीं.

या शहरांतील राहणीच्या खर्चाचें पद्धतशीर मोजमाप १९२१ सालापासून सुरू झालें. त्या वर्षीं मुंबई सरकारनें कामगार कचेरी स्थापन केली, आणि तिचे संचालक फिंडले शिरास यांनीं मजूर कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करून १९२३ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध केला. कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ति सुमारें ५२ रुपये भरली. खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जाई. भाड्यावर मात्र शेंकडा आठ रुपयेहि जात नसत. हा आंकडा पाहून एखाद्याला वाटेल कीं मुंबईच्या मजुराला जागेचा जाच नव्हता. पण त्या थोडक्या भाड्यांत त्याला काय मिळत होतें, हें आंकड्यांत दिसत नाहीं. त्याच काळांत मजूरवर्गापैकीं शेंकडा ९७ लोक एकखणी बिऱ्हाडांत राहत होते. एक खोली, तिच्यांत चूल, मोरी, बाळंतीण आणि पाहुणा. शिवाय कोंकणांतून अथवा घाटावरून आलेले दोनचार गांवकरी पैसे देऊन राहणारे. भाडें कमी होतें, कारण जागाच घेतलेली नव्हती.

कर्जाचीहि तीच गोष्ट. पाहणींतील जवळजवळ निम्मीं कुटुंबें कर्जांत होतीं, आणि रुपयास महिना एक आणा हा व्याजाचा दर सर्रास चाले. एक आणा म्हणजे फार नव्हे असें ऐकतांना वाटतें. वर्षाचा हिशेब केला तर तें व्याज शेंकडा ७५ होतें. पेढीवर पत असलेला गिऱ्हाईक याच शहरांत याच दिवशीं याच्या कितीतरी कमी दरानें पैसे उचलीत असे.

एकखणी बिऱ्हाडाची खरी किंमत महापालिकेच्या आरोग्यखात्याच्या दप्तरांत नोंदली गेली. १९२१ सालीं एका खोलींत अथवा तिच्या भागांत राहणाऱ्या कुटुंबांत हजार जन्मांमागें आठशेंहून अधिक अर्भकें दगावल्याची नोंद झाली. चार वा अधिक खोल्यांच्या घरांत हाच आंकडा १३३ होता. यांतील पहिला आंकडा जसाच्या तसा घेणें बरोबर होणार नाहीं, कारण पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठीं गांवीं जात. जन्म तिकडे लागे आणि तान्ह्या मुलाला घेऊन परतल्यावर मृत्यु मात्र मुंबईच्या खातीं पडे. तथापि ही सर्व वजावट केली तरी दोन घरांमधील अंतर मिटत नाहीं.

या दुःस्थितीवर सरकारनें १९२० सालीं उपाय योजिला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत विकास खातें निघालें, कापसाच्या गांठीमागें एक रुपया कर बसला, आणि पन्नास हजार गाळे बांधण्याचा संकल्प सुटला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाईल रोड येथें २०७ चाळी व सुमारें सोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. याच त्या बीडीडी चाळी. मौज अशी कीं एवढी टंचाई असतांहि वरळीच्या चाळींत आरंभीं माणसें राहावयास जाईनात. खोल्या अंधाऱ्या, बाजार दूर, गिरणी दूर, ओळखीचा वाणी नाहीं कीं उधारी नाहीं. अधिकाऱ्यांनीं भाड्याचा विचार केला होता. मजुरानें पायपिटीचा, उधारीचा आणि शेजाराचा विचार केला. हिशेब मजुराचा अधिक पक्का होता असेंच म्हणावें लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर भाड्याचा प्रश्न निराळ्याच वळणावर गेला. १९४७ च्या कायद्यानें भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविलीं. युद्धकाळच्या महागाईंत भाडेकरूला रस्त्यावर येऊं न देण्याचा हेतु योग्य होता, आणि गिरगांव-लालबागच्या हजारों कुटुंबांची मुलें या कायद्याच्या आधारावर शिकून मोठीं झालीं, हें विसरतां येणार नाहीं. परंतु भाडें गोठलें तरी विटा, चुना आणि गवंड्याची मजुरी गोठली नाहीं. चाळीच्या कित्येक खोल्यांचें महिन्याचें भाडें पुढें कोपऱ्यावरील उपाहारगृहांतील दोघांच्या चहाफराळाइतकेंहि राहिलें नाहीं. मालकानें डागडुजी सोडली; तुळया कुजल्या; पावसाळ्यांत इमारती कोसळून माणसें चिरडूं लागलीं, तेव्हां १९६९ च्या कायद्यानें उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमावें लागलें. इकडे कागदावरचें भाडें जितकें नाममात्र, तितकी पडद्याआडची पागडी चढत गेली. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें पागडीला मान्यता दिली, तोंपर्यंत तो व्यवहार सर्वांना ठाऊक आणि कोणालाच कबूल नव्हता. या साऱ्यांत ज्याचा आजा मुंबईस आला होता तो तरला. जो काल आला त्याच्यासाठीं अनामत रक्कम आणि अकरा महिन्यांचा करार; तेंहि न झेपल्यास झोपडी. २०११ च्या जनगणनेप्रमाणें बृहन्मुंबईच्या सव्वा कोटि वस्तीपैकीं शेंकडा चाळीसांहून अधिक लोक झोपडपट्टींत राहत होते.

गिरणगांवानें याच्या पुढचीहि पायरी पाहिली. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतील बहुतेकांच्या हातांत गिरणीचें काम पुन्हां आलें नाहीं. १९९१ च्या विकास नियमावलीनें गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली, आणि चिमण्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. येथें कामगाराची खोली हलली नाहीं, भाडेंहि वाढलें नाहीं. तरी त्याची राहणी महागली. गिरणीच्या पाळीवर चालणाऱ्या खाणावळी मिटल्या, उधारीची वही ठेवणारा वाणी दुकान विकून गेला, आणि त्या जागीं जें आलें तें त्याच्यासाठीं नव्हतें. मुलाचें लग्न ठरलें कीं नवें बिऱ्हाड नालासोपारा, विरार किंवा बदलापूर येथें. विरारपासून चर्चगेट सुमारें ६० किलोमीटर. लोकलचा पास स्वस्त आहे, पण रोजचे तीनचार तास त्याच खातीं लिहावे लागतात, आणि ते कोणत्याहि निर्देशांकांत धरले जात नाहींत.

महापालिकेनें सिद्ध केलेल्या २००९ च्या मानवविकास अहवालांत विभागवार तुलना आहे. मलबार टेकडी ज्यांत येते तो डी विभाग वरच्या टोंकाला, आणि गोवंडी, मानखुर्द, देवनार ज्यांत येतात तो एम पूर्व विभाग तळाला. तळाच्या विभागांत मृत्यूसमयींचें सरासरी वय ३९ च्या आसपास होतें. हें अपेक्षित आयुर्मान नव्हे. जेथें बालकें अधिक मरतात आणि वस्तीच तरुण असते, तेथें ही सरासरी खालीं येणारच. परंतु बालकें अधिक मरतात हाच तर मुद्दा आहे. शहराचा कचरा १९२७ सालापासून देवनारला पडत आला आहे, आणि त्याच्या कडेनें राहणाऱ्यांनीं जागा निवडली ती दुसरीकडे परवडत नव्हती म्हणून.

याच विभागाला लागून माहुल आहे. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडल्यावर तेथील कुटुंबांना माहुलच्या बहुमजली इमारतींत घरें देण्यांत आलीं. कागदावर हा लाभच होता : पक्कें घर, नळ, संडास. परंतु इमारतींच्या शेजारीं तेलशुद्धीकरणाचे आणि रसायनांचे कारखाने होते. लोक दम्यानें व त्वचारोगांनीं हैराण झाले, आणि फुकट मिळालेलीं घरें नकोत म्हणून न्यायालयांत गेले. सप्टेंबर २०१९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें आदेश दिला कीं, तेथें राहूं न इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला अन्यत्र बिऱ्हाड घेतां यावें म्हणून दरमहा १५ हजार रुपये भाडें आणि ४५ हजार रुपये अनामत द्यावी. श्वास घेतां येईल अशा एका खोलीचा मुंबईंतील भाव त्या दिवशीं इतका ठरला.