साठ तासांचे थेट प्रक्षेपण

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'दूरचित्रवाणी आणि राष्ट्रीय संकट'. विषयाचा आवाका मोठा आहे, म्हणून मी मुख्यतः एकाच घटनेविषयी बोलणार आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास मुंबईवर हल्ला सुरू झाला आणि २९ तारखेच्या सकाळी तो ताजमहाल हॉटेलात संपला. सुमारे साठ तास. १६६ निरपराध माणसे आणि सुरक्षा दलांचे जवान त्यात मारले गेले आणि हे सारे देशाने आपापल्या घरात बसून पाहिले. तुमच्यातील जे चाळिशीच्या पुढचे आहेत, त्यांना त्या रात्री आपण कोणत्या खोलीत, कुणाशेजारी बसलो होतो हेही आठवत असेल.

सुरुवातीला वाहिन्या टोळीयुद्ध झाल्याचे सांगत होत्या. मग लिओपोल्ड कॅफे, छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस अशी एकेक नावे पडद्यावर येऊ लागली. दहशतवाद्यांच्या संख्येचे आकडे दर तासाला बदलत होते. प्रत्यक्षात ते दहाच होते. आम्ही वृत्तपत्रवाले पान लावायचे थांबवून टीव्हीकडेच पाहत होतो, कारण छापून निघेपर्यंत प्रत्येक ओळ शिळी होणार हे उघड होते. हेमंत करकरे शिरस्त्राण आणि चिलखती जाकीट चढवत असल्याचे दृश्य आपण सर्वांनी पाहिले. करकरे यांच्या मालेगाव तपासाबद्दल आपल्यापैकी अनेकांचे तीव्र आक्षेप होते. ते लपवण्याचे कारण नाही. पण कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर धारातीर्थी पडल्याची बातमी आली, तेव्हा त्या आक्षेपांसकट प्रत्येक घर सुन्न झाले. मतभेदांना मृत्यूच्या दारात नेऊ नये, एवढे शहाणपण आपल्या समाजाजवळ आहे.

आता मुद्द्याचे बोलतो. तो पडदा केवळ आपणच पाहत नव्हतो. कराचीत बसलेले हल्ल्याचे सूत्रधारही तेच पाहत होते. दूरध्वनीवरून ते ताजमधील आणि नरिमन हाऊसमधील आपल्या माणसांना सूचना देत होते. हॉटेलच्या घुमटाविषयी वाहिन्या काय सांगत आहेत, आत कोण बडी मंडळी अडकली असावीत, बाहेर कोणत्या हालचाली चालल्या आहेत, हे सारे त्यांना आपल्याच वार्ताहरांकडून विनामूल्य मिळत होते. आगी लावा, ज्वाळा दिसल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. ज्वाळा कुणाला दिसायला हव्या होत्या? आपल्याला. बंदुका त्या दहा जणांच्या हातात होत्या, पण भीती घरोघर पोहोचवण्याचे साधन आपल्या दिवाणखान्यात होते.

२८ तारखेच्या सकाळी राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोराने नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरले, तेही थेट दाखवले गेले. त्या मोहिमेत हवालदार गजेंद्रसिंह बिश्त यांना वीरमरण आले. त्यांचा मृत्यू प्रक्षेपणामुळे झाला, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही कसाबच्या अपिलावरील २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात अशी सावध भूमिका घेतली. प्रक्षेपणामुळे जवानांची जीवितहानी झाली की नाही हे सांगता येत नाही, पण त्यामुळे त्यांचे काम अतिशय अवघड आणि धोक्याचे झाले याबद्दल शंका नाही, असे न्यायालयाने नोंदवले. वाहिन्यांनी राष्ट्रहिताची नव्हे, तर स्वतःच्या व्यापारी हिताची सेवा केली आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे याचे समर्थन करता येणार नाही, हेही स्पष्टपणे सांगितले. माझ्या व्यवसायावर याहून कठोर अभिप्राय या देशातील न्यायालयाने क्वचितच दिला असेल.

हे पहिल्यांदा घडत होते असेही नाही. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ विमानाचे अपहरण झाले, तेव्हा पंतप्रधानांच्या निवासस्थानाबाहेर आक्रोश करणारे नातेवाईक दिवसरात्र पडद्यावर होते. त्यांच्या आक्रोशाला कोण दोष देईल? पण त्या दृश्यांचे ओझे वाटाघाटी करणाऱ्यांच्या मानेवर होते, आणि मसूद अजहरसह तिघे सुटले. नऊ वर्षांत आपण त्यातून काही शिकलो नव्हतो.

कॅमेऱ्याने काय दाखवले, हे सांगितले. त्याला काय दिसले नाही, तेही सांगायला हवे. बहुतेक कॅमेरे ताज आणि ओबेरॉयसमोर उभे होते. शिवाजी टर्मिनसच्या प्रतीक्षालयात लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत, गाठोडी उशाशी घेऊन बसलेली माणसे मारली गेली, त्यांच्या वाट्याला पडद्यावरचा फारच थोडा वेळ आला. त्याच स्थानकात रेल्वेचा एक उद्घोषक आपल्या केबिनमधून सारे पाहत होता. त्याच्या हातातही ध्वनिक्षेपकच होता. 'इकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा,' असे तो हिंदी-मराठीतून सांगत राहिला. त्याच्या केबिनच्या दिशेने गोळ्या आल्या तरी थांबला नाही. कितीतरी प्रवासी त्या आवाजामुळे वाचले.

आणि गिरगाव चौपाटी. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे, हाती केवळ लाठी, कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. गोळ्या अंगात घुसल्या, पण पकड सुटली नाही. तिथे एकही वाहिनी नव्हती. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, हे आपण जाणताच. पण त्या पकडीचे मोल किती होते, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. त्याच रात्री 'डेक्कन मुजाहिदीन' या नावाने हल्ल्याची जबाबदारी घेणारा ई-मेल माध्यमांकडे आला होता. दहशतवाद्यांजवळ हैदराबादच्या महाविद्यालयाची बनावट ओळखपत्रे होती. कसाबच्या ओळखपत्रावर समीर चौधरी हे नाव होते. हल्लेखोर हिंदू म्हणून मरावेत, असा कट होता, असे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी २०२० मधील आत्मचरित्रात लिहिले आहे. कसाब जिवंत हाती लागला नसता, तर मनगटावर लाल दोरा असलेले एक प्रेत आणि ते ओळखपत्र वाहिन्यांनी किती दिवस फिरवत ठेवले असते, याची कल्पना तुम्हीच करा! मग पाकिस्तानातील फरीदकोट कुणी शोधले असते?

२०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणास बंदी, आणि कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये सरकारला माध्यमांना याची पुन्हा आठवण द्यावी लागली. सूचनापत्रात कारगिल, कंदाहार आणि २६/११ यांचा उल्लेख होता. या वेळी ते समाजमाध्यमे वापरणाऱ्यांनाही उद्देशून होते, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातल्या मोबाइललाही.

तरीही 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात, मे महिन्यातल्या एका रात्री, आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगून टाकले. घरोघर आनंद झाला, संदेश पुढे पाठवले गेले. सकाळी कराची बंदर जागच्या जागी होते. त्याच दिवसांत परराष्ट्र सचिव आणि सैन्यदलांच्या दोन महिला अधिकारी पत्रकारांसमोर येऊन काय घडले, कुठे घडले, एवढेच मोजक्या शब्दांत सांगत होत्या. त्या निवेदनात ना पार्श्वसंगीत होते, ना भोंग्याचा आवाज. आमच्या धंद्यातल्या अनेकांना ते फार नीरस वाटले.