अक्षर कां आखडतें?

मावळांतील एका शाळेंत मी मुख्याध्यापक असतांना माझ्या हाताखालीं एक शिक्षक होते. त्यांचें अक्षर म्हणजे शाळेचें भूषण. फळ्यावरील सुविचार त्यांनींच लिहावा, प्रमाणपत्रांवरील नांवें त्यांनींच घालावीं, असा शिरस्ता होता. पुढें तें अक्षर लहान होऊं लागलें. ओळीचा आरंभ ठसठशीत आणि शेवट मुंग्यांच्या रांगेसारखा. मागच्या बाकांवरील मुलांना फळा वाचतां येईना. मीं त्यांना खोलींत बोलावून हेळसांडीबद्दल चार शब्द सुनावले. ते एवढेंच म्हणाले, "सर, मी मोठेंच लिहूं लागतों; तें आपोआप लहान होतें." तीन वर्षांनीं निदान झालें: कंपवात. अक्षर आखडणें हें त्या रोगाचें लक्षण असून तें कधीं कधीं हात थरथरण्याच्या आधींच दिसतें, हें मला ठाऊक नव्हतें. त्या अपराधाची थोडीशी फेड म्हणून हें भाषण.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं या रोगाचें वर्णन केलें. मेंदूच्या खोल भागांत काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामीन नांवाचें द्रव्य तयार करतात व त्यामुळें आपल्या हालचालींना ओघ येतो. त्या मरूं लागल्या कीं पाऊल अडखळतें, चेहरा निर्विकार होतो, अक्षर आखडतें.

आपल्या सह्याद्रीच्या रानांतील खाजकुइली सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या शेंगेवरील लव अंगाला लागली कीं माणूस खाजवून हैराण होतो. याच वेलीच्या बियांतून दामोदरन् व रामस्वामी या दोघां भारतीय संशोधकांनीं १९३७ सालीं लेव्होडोपा वेगळें काढलें. मेंदूंत गेल्यावर त्याचें डोपामीन बनतें. म्हणून आज तेंच द्रव्य गोळीच्या रूपानें रोग्यास देतात. मात्र घरीं बी कुटून खाण्याचा मोह कोणीं धरूं नये. मात्रा चुकल्यास अपाय होतो. शिवाय यानें उणें पडलेलें द्रव्य भरून निघतें इतकेंच. पेशी मुळांत मरतात कां, हा प्रश्न उरतोच.

त्याचा धागा १९९७ सालीं हातीं आला. रोगट पेशींत दिसणारे गोळे मुख्यतः आल्फा-सायन्यूक्लीन नांवाच्या प्रथिनाचे असतात, असें त्या वर्षीं कळलें. १४० अमिनो आम्लांची ही माळ निरोगी मेंदूंतही असते. मग तिचे गोळे कां व्हावे? मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें प्रा. समीर माजी व त्यांचे सहकारी यांनीं २०२० सालीं यांतील एक टप्पा दाखविला. हें प्रथिन प्रथम पाण्यांतील तेलाप्रमाणें सूक्ष्म थेंबांच्या रूपानें वेगळें होतें. ते थेंब हळूहळू घट्ट होतात आणि त्यांतून ताठर तंतू निघतात.

लोणावळ्यास चिक्की होतांना ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें समजणें कठीण नाहीं. पाक कढईंत वाहता असतो, पसरला कीं चिकट होतो आणि थोड्याच वेळांत कडक. भेद इतकाच कीं, गूळ पुन्हां तापवून पातळ करतां येतो. मेंदूंतील ही घडण उलट फिरविण्याची विद्या अद्यापि आपणांस साधलेली नाहीं. म्हणून ती आरंभींच अडवितां येईल काय, याचा शोध चालू आहे. आजचीं औषधें लक्षणें सुसह्य करतात. रोगाची चाल थांबविणारें औषध अजून सिद्ध झालेलें नाहीं.

परवां मी त्या सहकाऱ्यांकडे जाऊन उशिरानें कां होईना, क्षमा मागितली. ते हंसून म्हणाले, "गोळी लागू पडली कीं कांहीं वेळ अक्षर पूर्वीसारखें होतें, तेव्हां पत्रें लिहून घेतों."

संशोधकांचें काम संशोधक करतील. आपलें काम लहान आहे. घरांतील वडील माणसाची सही बारीक होऊं लागली, चालतांना एक हात हालेनासा झाला, तर त्यास आळस किंवा म्हातारपण म्हणून सोडूं नका. मज्जासंस्थेच्या डॉक्टरांस दाखवा, आणि तोंवर तरी, श्रोतेहो, त्या माणसाला रागावूं नका.