पेन्शन आणि कर्तव्य
(सत्कारसभेतील भाषण)



महार रेजिमेंटमधून सन्मानाने निवृत्त झालेल्या मेजरसाहेबांचा आज आपण सत्कार करीत आहोत. हा केवळ एका व्यक्तीचा गौरव नव्हे.

१८९२-९३ च्या सुमारास ‘लढवय्या जातीं’चे निमित्त करून इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. महायुद्धात गरज पडताच १९१७ साली महारांची पलटण उभारली. गरज सरताच १९२१ साली मोडली. ज्या नोकरीला कायद्याचा आधार नाही, ती धन्याची मेहेरबानी होय. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे संविधानाच्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीतील समान संधी हा नागरिकाचा हक्क ठरविला. मेजरसाहेबांचा हुद्दा त्या हक्काचा पुरावा आहे.

मेजरसाहेब, पेन्शन म्हणजे विसावा, हे खरे. परंतु आपल्या चळवळीची पहिली पावले पेन्शनरांनीच टाकली. गोपाळबाबा वलंगकरांनी निवृत्तीनंतर १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. सुभेदार रामजींनी तुटपुंज्या पेन्शनीत भीमरावांना शिकविले. आपणही विहारात रोज सायंकाळी एक तास मुलांना द्यावा. भरतीचे अर्ज, परीक्षा, कवायत यांची माहिती आपल्याइतकी येथे कोणास आहे?

आणि मातापित्यांनो, हार घालून नुसते घरी जाऊ नका. मुलामुलींची नावे आजच नोंदवा. न वापरलेला हक्क कागदावरच राहतो.

जय भीम!